भांडण दिव्यांवरून, पैसे मात्र गरम पाण्यात

ताई, तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. घरात सहा माणसं, सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं. लाइट बिल, गॅस, पेट्रोल तिन्ही वाढत चाललंय आणि पगार आहे तिथंच आहे. मिस्टर कामावरून आले की चपला काढायच्या आधी सगळ्या खोल्यांची बटणं बघत फिरतात, कुठे लाइट चालू राहिलेला दिसला की मुलांवर ओरडतात, आणि आता बाबा आले की मुलं गप्पच होतात. सासऱ्यांनी कुणी काही न बोलता थंड पाण्यानं आंघोळ सुरू केलीये. तुम्ही स्वतः दुपारी पंखा न लावता घाम पुसत बसता. एवढं सगळं करूनही बिल मागच्यापेक्षा जास्तच आलं. तुम्ही विचारलंय की आम्ही कुठे चुकतोय, ऑनलाइन जाहिरातीत दिसतो तो पॉवर सेव्हरचा डबा घ्यावा का, आणि घरात हा विषय निघाला की जे वातावरण होतं त्याचं काय करायचं.

ताई, तुम्ही सगळे मनापासून काटकसर करताय हे पत्रातून दिसतंय, फक्त ती जिथे करताय तिथे वाचण्यासारखं फारसं काही नाहीये. घरातली वीज बहुतेक करून जाते ती काहीतरी तापवण्यात नाहीतर थंड करण्यात. उजेडात फार थोडी जाते. हे एकदा आकड्यात बघितलं ना की निम्मी भांडणं आपोआप मिटतील असं मला खरंच वाटतं, म्हणून थोडा हिशोब करते, कंटाळा करू नका.

बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास चालणं. आता तुमचा ९ वॅटचा एलईडी बल्ब घ्या. तो रोज पाच तास चालला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. आता आंघोळीची एक बादली घ्या, साधारण १५ लिटर पाणी, आणि ते २५ अंशांनी गरम करायचंय असं धरा. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सव्वा वॅट-तासाच्या थोडी कमी वीज लागते, त्या हिशोबानं त्या एका बादलीला जवळपास ४४० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटच्या आसपास वीज जाते. एवढ्या विजेत तोच बल्ब सलग दोन दिवस आणि दोन रात्री चालू राहील! सहा माणसांची रोज एकेक बादली धरली तर महिन्याला ७५ ते ८० युनिट निव्वळ आंघोळीचे झाले. आणि ज्यावरून मुलानं बोलणी खाल्ली तो तासभर चालू राहिलेला बल्ब म्हणजे त्या बादलीतला पन्नासावा भाग, एक-दोन तांबेसुद्धा नाही.

(घरात अजून जुने पिवळे काचेचे बल्ब असतील तर मात्र ते आधी बदला, कारण ६० वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देतो तेवढाच ९ वॅटचा एलईडी देतो. पण ते बदलून झालं की दिव्यांचा विषय संपला असं समजा.)

म्हणून सासऱ्यांबद्दल आधी बोलते, कारण पत्रातली तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. त्यांना उद्यापासून गरम पाणी द्या. वय झालं की शरीराला स्वतःचं तापमान सांभाळणं जड जातं, आणि एकदम थंड पाणी अंगावर घेतलं की रक्तदाब आणि हृदयाचे ठोके झटकन वाढतात, तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही पण वयस्कर माणसाला तो त्रास होऊ शकतो. ते स्वतःहून हो म्हणणार नाहीत. "बिल येतं गं, राहू दे" असंच म्हणतील, त्यामुळे त्यांना विचारत बसू नका, बादली भरून ठेवा आणि सांगा की बाबा, आपण हिशोब केलाय, तुमच्या एका बादलीनं काही बिल वाढत नाहीये, आम्ही दुसरीकडून वाचवतोय. आणि तुमचा दुपारचा पंखा. जुना ७५ वॅटचा पंखा चार तास चालला तर तीनशे वॅट-तास, एका बादलीपेक्षाही कमी. तेवढ्यासाठी घाम पुसत बसू नका हो. आजारी माणूस, म्हातारं माणूस आणि लहान बाळ यांच्या ऊब-गारव्यातून एक पैसाही वाचवायचा नाही, आणि जी बाई दिवसभर घरात राबते तिच्याही नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग वाचवायचं कुठून? त्याच गरम पाण्यातून, पण अक्कलहुशारीनं. शॉवर असेल तर आधी तो बघा. साधा शॉवर मिनिटाला आठ ते दहा लिटर पाणी सोडतो, दहा मिनिटं उभं राहिलं की ८०-१०० लिटर, म्हणजे पाच-सहा बादल्या एका माणसाच्या! घरातल्या दोन माणसांनी शॉवरचा वेळ निम्मा केला तरी सासऱ्यांची बादली त्यात कितीतरी वेळा निघून येते. गीझर साठवणीचा असेल तर आंघोळी एकामागून एक उरका, कारण टाकीत पाणी गरम असेपर्यंत बाहेर उष्णता जातच राहते, आणि सकाळी सहाला लावलेला गीझर नऊपर्यंत चालूच असेल तर मधे मधे तो परत परत तापत बसतो. बटण टाकायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या वेळा सांगून ठेवायच्या, एवढं केलं तरी फरक पडतो. टाकी जितकी जास्त गरम तितकी ती उष्णता जास्त गमावते, म्हणून तापमान अगदी वरच्या टोकाला ठेवू नका, पण ज्यांच्याकडे टाकी दिवसरात्र चालू असते त्यांनी ६० अंशांच्या खाली आणू नये, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि त्यातून फुफ्फुसाचा गंभीर आजार होतो. वॉशिंग मशीन गरम पाण्याच्या प्रोग्रामवर असेल तर तो साध्या पाण्यावर करा, मशीनची बहुतेक वीज ते पाणी तापवण्यातच जाते, ड्रम फिरवायला फार लागत नाही.

आता बिलाकडे या. तुमच्या पत्रात रक्कम तीन ठिकाणी आहे पण युनिट कुठेच नाहीत. ताई, रक्कम बाजूला ठेवा, आधी युनिट बघा. मग ते बिल किती दिवसांचं आहे ते बघा, कारण ३५ दिवसांचं बिल ३० दिवसांच्या बिलाशेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. मग रीडिंग खरोखर घेतलंय की अंदाजे टाकलंय ते बघा, आणि मीटरवरचा आकडा स्वतः जाऊन ताडून पाहा. तुलना करायचीच तर मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी करा, म्हणजे ऋतूचा फरक निघून जातो. युनिट तेवढेच आणि रक्कम जास्त असं निघालं तर दर वाढलाय, घरातल्या कुणाचाही त्यात दोष नाही. हे मिस्टरांना कागदावर दाखवा, तोंडी नको.

दर वाढणं आपल्या हातात कधीच नव्हतं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब तेल उत्पादक देशांनी काही देशांना तेल देणं बंद केलं आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर तेल आणि गॅस दोन्ही भडकले आणि त्याची झळ जगभरच्या घरांना बसली. कुठल्या तरी दूरच्या लढाईमुळे वाढलेलं बिल बघून बाप मुलाला बोलतो याचं मला फार वाईट वाटतं.

एक मात्र नीट समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी विजेला टप्पे असतात, पहिले काही युनिट स्वस्त, पुढचे महाग, त्यापुढचे अजून महाग. त्यामुळे तुम्ही जे युनिट वाचवता ते सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. टप्पा ओलांडायच्या जवळपास असाल तर वीस-पंचवीस युनिटसुद्धा बिलात चांगलेच जाणवतात. तुमच्याकडे अशी पद्धत आहे का ते बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात दिलेलं असतं, चष्मा लावून एकदा वाचाच. काही ठिकाणी वेळेप्रमाणे दर बदलतो, तसं असेल तर इस्त्री, कपडे धुणं, पाणी तापवणं स्वस्त वेळेत ढकलायचं.

आता मुलांसाठी एक काम. सुट्टीच्या दिवशी दोघांना घेऊन मीटरपाशी जा. डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. समजा तुमचा मीटर ३२०० चा आहे. मग मिनिटात एकदा लुकलुकला तर घरात त्या वेळी साधारण १९ वॅट चालू आहेत, दहादा लुकलुकला तर १९० च्या आसपास. (१६०० चा असेल तर सगळं दुप्पट धरायचं.) एकानं मोबाइलवर मिनिट लावायचं, दुसऱ्यानं मोजायचं, आणि तुम्ही आतून एकेक वस्तू लावत जायचं. बल्ब लावला तर मुलं कंटाळतील, मिनिटभरात एखादाच ठिपका दिसेल किंवा तोही नाही. मग पंखा लावा, चारेक दिसतील. मग दोन हजार वॅटचा गीझर लावा, दिवा असा काही पळायला लागतो की मोजता मोजता पोरं ओरडतात, मिनिटाला शंभरच्या वर! हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की त्यांना पुन्हा काही सांगावं लागत नाही. शक्य झालं तर त्या वेळी बाबांनाही बरोबर न्या, आणि मोजायचं काम मुलांकडेच राहू द्या.

तिथंच अजून एक बघून घ्या. घरातली सगळी बटणं बंद, फ्रिजचंही, आणि तरी दिवा लुकलुकतोय का? लुकलुकत असेल तर काहीतरी चालू राहिलंय. राउटर असेल, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स असेल, इन्व्हर्टर असेल. जुना सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही दहा-पंधरा वॅट खात बसतो, म्हणजे महिन्याला सात ते दहा युनिट, आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली असेल तर ती सतत चार्जिंग ओढत राहते. मोबाइलच्या चार्जरवरून कुणी कुणाला बोलू नका, रोज मोबाइल पूर्ण चार्ज केला तरी वर्षभरात दहा युनिट होत नाहीत. हे सगळं काढूनही दिवा थांबत नसेल तर कुठेतरी वायरिंगमध्ये गळती असू शकते, तेव्हा स्वतः बोर्ड उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याचे पैसे वाया जात नाहीत, कारण तिथे प्रश्न बिलापेक्षा शॉकचा असतो.

त्या पॉवर सेव्हरच्या डब्याबद्दल, नका घेऊ. त्यात आत एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा छोटा भाग असतो. कारखान्यांना पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी किती येते ते प्रमाण) नीट ठेवावा लागतो आणि तो बिघडला तर त्यांना दंड बसतो, तिथे मोठे कपॅसिटर उपयोगी पडतात हे खरं. पण घरचा मीटर साधारणपणे प्रत्यक्ष वापरलेली वीज मोजतो आणि ती या डब्यानं कमी होत नाही, वर डबा स्वतः थोडी वीज खातो आणि स्वस्तातला असेल तर तापून पेटायची भीती वेगळीच. ४० टक्के बचत म्हणून जाहिरात करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, कारण ते बरोबर अडचणीतल्या माणसालाच गाठतात.

फ्रिजचं पटकन सांगते. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज सुटून आला तर रबर सैल झालंय, ते बदलून घ्या. मागे हवा खेळायला जागा ठेवा, आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझर उणे १८ वर पुरे, बर्फाचा थर जमू देऊ नका. रात्री फ्रिज बंद करून वीज वाचवायला जाऊ नका, अन्न खराब होतं आणि सकाळी तोच गारवा परत आणायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो.

एसी असेल तर बरोबर पंखा लावून तापमान एक-दोन अंशांनी वर न्या, एका अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते असं धरतात. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर आत गारवा करायला कमी लागतं, आतल्या पडद्यापर्यंत आलेलं ऊन घरात आलेलंच असतं. थंडीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी याच्या उलट बघायचं, दाराखालच्या आणि खिडकीच्या फटी बुजवायच्या आणि सगळं घर तापवण्यापेक्षा बसायची खोली तापवायची. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही, म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंद. बटणांवर लक्ष ठेवायचंच तर या एका बटणावर ठेवा, दिव्याच्या नको.

आता गॅस. इथं बहुतेक घरांत एक गोष्ट सुटते. पाणी उकळायला लागलं की ते १०० अंशांवर थांबतं, मग खाली जाळ मोठा ठेवा नाहीतर बारीक ठेवा, आतलं शिजतं त्याच तापमानाला. मोठ्या जाळावर शिजणं लवकर होत नाही, फक्त वाफ जास्त निघते. आणि ती वाफ फार महागाची असते हो! साधं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. म्हणजे झाकण न ठेवता खळखळ उकळणाऱ्या भांड्यातून जी वाफ छताकडे जाते ना, तुमचा सिलेंडर तिथून रिकामा होतोय. उकळी आली की जाळ एकदम बारीक करायचा आणि झाकण ठेवायचं, एवढंच. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत जातं म्हणून शिजणं भराभर होतं, पण तिथेही प्रेशर धरलं की जाळ बारीक करा, शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफच. जे आधी भिजवून ठेवता येतं ते भिजवा, भांड्याच्या बुडाबाहेर जाळ येऊ देऊ नका, आणि जाळ पिवळा दिसत असेल तर बर्नर साफ करून घ्या, पिवळा जाळ म्हणजे गॅस नीट जळत नाहीये.

इंडक्शन परवडेल का असं बऱ्याच बायका विचारतात, तुम्हीही विचाराल, म्हणून इथंच सांगते. एक किलो एलपीजीमध्ये साधारण पावणेतेरा युनिट इतकी उष्णता असते, पण शेगडीवर त्यातली अर्धी ते दोन तृतीयांशच भांड्यात जाते, बाकी आजूबाजूला. इंडक्शनवर ८० ते ९० टक्के भांड्यात जाते. हिशोब केला तर एक किलो गॅसचं काम करायला इंडक्शनला अंदाजे आठ ते दहा युनिट लागतात. तुमच्याकडे एक किलो गॅस कितीला पडतो आणि नऊ युनिट कितीला पडतात, तेही वरच्या टप्प्याच्या दरानं, हे लिहून बघा आणि जे कमी निघेल ते करा. शेजारणीचा अनुभव इथं कामाचा नाही कारण तिचा टप्पा वेगळा असू शकतो.

एक ताकीद देते आणि ही मनावर घ्या. पैसे वाचवायला म्हणून कुणी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका, घरात जनरेटर चालवू नका, आणि खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर लावू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही.

पेट्रोलचं तुम्ही दोनच ओळींत लिहिलंय पण मिस्टर रोज गाडी काढतात म्हणजे तोही खर्च लहान नसणार. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीच्या वर जातो. १९७४ मध्ये तेलटंचाईमुळेच अमेरिकेनं देशभरात ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आणली होती. टायरमधली हवा महिन्यातून एकदा तरी बघा, शक्यतो गाडी गार असताना. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर काढून ठेवा. थांबायचं असेल आणि धोका नसेल तर इंजिन बंद करा, आताच्या गाड्यांना परत सुरू करायला दहा सेकंद उभ्या राहण्याइतकंही पेट्रोल लागत नाही. आणि सगळ्यात जास्त जातं ते जवळच्या छोट्या फेऱ्यांत, कारण इंजिन गार असताना ते जास्त पितं आणि गरम होईपर्यंत आपण घरी परत आलेलो असतो. सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा दोन फेऱ्या एकत्र करता आल्या तर करा, आणि चालत जाण्याजोगं असेल तिथे गाडीच नको.

आता घरातल्या वातावरणाबद्दल. मिस्टर ओरडतात ते मुलांवर रागावलेत म्हणून नाही असं मला पत्र वाचून वाटलं, त्यांना पैशाची भीती वाटतेय आणि ती बोलता येत नाहीये. बटण बंद करणं हे एक काम असं आहे की जे लगेच हातात येतं, केल्यासारखं वाटतं. त्यांना मुलांसमोर काही म्हणू नका. मुलं झोपल्यावर दोघं बसा, मागच्या वर्षभराची बिलं, गॅस आणि पेट्रोलचा खर्च एका वहीत लिहून काढा, आणि महिन्याला नेमके किती कमी पडतायत तो आकडा काढा. भीती अंधुक असली की मोठी दिसते, आकडा कितीही वाईट असला तरी त्यावर काहीतरी करता येतं. मग सगळ्यांसमोर ठरवा, सासू-सासऱ्यांनाही बसवून, की या महिन्यात आपण दोनच गोष्टी करणार, समजा शॉवर पाच मिनिटांचा आणि उकळी आली की झाकण. दोनच. दहा नियम लावले तर आठवड्यात सगळे गळून पडतात आणि परत चिडचिड. आणि दिव्यांवरून महिनाभर कुणी कुणाला बोलायचं नाही हेही ठरवून टाका, त्यानं जी एक-दोन युनिट वाढतील ती वाढू देत, पोरांनी बाबा आले की दाराशी धावत जावं याची किंमत त्याहून किती तरी जास्त आहे.

एक गोष्ट तुमच्याबद्दलही. सगळी काटकसर स्वयंपाकघरात आणि तुमच्या अंगावर पडतेय, पंखा तुम्ही बंद ठेवताय, गॅसची चिंता तुम्ही करताय. पेट्रोल आणि शॉवर दुसऱ्यांच्या हातात आहेत, तिथलीही जबाबदारी ज्याची त्यानं घ्यावी. मागा ती, हक्कानं.

नवीन वस्तू घ्यायचं म्हणत असाल तर घाई नको. जे फुकट आहे ते आधी, वर सांगितलं ते बहुतेक फुकटच आहे. मग थोडक्या पैशाचं, फ्रिजचं रबर, कमी पाण्याचा शॉवर. मग जो पंखा सगळ्यात जास्त तास चालतो तो एक बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या, तो साधारण ३० वॅट घेतो, रोज पंधरा तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात, पण पाहुण्यांच्या खोलीतला बदलायची गरज नाही. फ्रिज, एसी चालतोय तोवर चालू द्या, मोडला की त्या वेळी कमी वीज खाणारा घ्या. सोलरचं, छत तुमच्या मालकीचं असेल, त्यावर दुपारी सावली पडत नसेल आणि अजून बरीच वर्षं तिथंच राहणार असाल तर चौकशी जरूर करा, जास्तीची वीज परत घेतात का आणि कोणत्या दरानं हे आधी विचारा, आणि कर्जाचा हप्ता तुमच्या वर्षाच्या सरासरी बिलाशी लावून बघा, उन्हाळ्यातल्या एका मोठ्या बिलाशी नको.

शेवटी तुम्ही तळटीप टाकल्यासारखं लिहिलंय की या वेळचं बिल अजून भरलं नाहीये. ताई, ही तळटीप नव्हे, हे आधी करा. शेवटच्या तारखेच्या आत कंपनीच्या ऑफिसात जा, मिस्टरांना वेळ नसेल तर तुम्ही जा, आणि हप्ते करून मिळतील का विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळतात, पण ते तारखेच्या आधी गेलेल्याला सोपं जातं, कनेक्शन तोडायची नोटीस आल्यावर तेच दंड आणि परत जोडणीच्या पैशांसकट होतं. जाताना मीटरचा मोबाइलवर काढलेला ताजा फोटो आणि मागची तीन-चार बिलं बरोबर ठेवा, रीडिंग अंदाजे टाकलेलं निघालं तर तिथंच दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.